लिलावाबाहेरची पैठणी

इंटरनेटवरून विपणन करू पाहणाऱ्या नवख्या माणसाला आज दोन प्रकारची शिकवणी मुबलक मिळते: एक साधनांची, म्हणजे पेज कसे उघडावे, रील कशी करावी, जाहिरातीला पैसे कसे लावावेत याची, आणि दुसरी यशोगाथांची, जिच्यात कोणीतरी घरबसल्या लाखोंची उलाढाल केलेली असते. या दोन्हींत एक साधा प्रश्न बहुधा राहून जातो, तो म्हणजे आपण विकत असलेली वस्तू एकच आहे, की तिच्या हजार प्रती निघू शकतात. इंटरनेटवरील जाहिरातीचे सगळे गणित या प्रश्नाच्या उत्तराभोवती फिरते, आणि ते समजून घ्यायला नाशिक जिल्ह्याइतका सोयीचा मुलूख दुसरा क्वचितच सापडेल. नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅलीची वाईन, लासलगावचा कांदा आणि येवल्याला घरोघरी विणली जाणारी पैठणी या चारही वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. म्हणजे विशिष्ट प्रदेशातील माती, हवामान किंवा परंपरागत कौशल्य यांमुळे ज्या मालाला वेगळी ओळख आली आहे, त्या मालाचे नाव इतरांनी वापरू नये असे कायदेशीर संरक्षण त्यांच्या पाठीशी आहे. या चारांपैकी पैठणीचा विचार येथे मुख्यतः केला आहे, कारण खरी आणि नकली यांतला फरक पडद्यावर जवळजवळ दिसेनासा होतो असा माल तोच आहे.

विपणन म्हणजे केवळ जाहिरात नव्हे, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. गिऱ्हाईक कोण आहे हे ठरवणे, त्याच्यापर्यंत पोहोचणे, त्याच्या शंकांना उत्तर देणे, पैसे व माल यांची देवाणघेवाण सुरळीत करणे आणि पुढच्या लग्नसराईत तेच गिऱ्हाईक पुन्हा यावे अशी व्यवस्था ठेवणे, हा सगळा व्यवहार विपणनात मोडतो. जाहिरात ही त्यातली एक पायरी, आणि नवख्याच्या दृष्टीने सर्वांत खर्चिक. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने खुले केले, तरी जिल्ह्याच्या ठिकाणापासून सुमारे ८० किलोमीटरवर असलेल्या येवल्यातील दुकानदाराला त्याचा व्यापारी उपयोग व्हायला वीस वर्षांहून अधिक काळ जावा लागला. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू होऊन मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी यूपीआयमुळे बँक खात्यातून खात्यात तत्काळ पैसे पाठवता येऊ लागले, आणि २०१८ च्या जानेवारीत छोट्या व्यापाऱ्यांसाठी व्हॉट्सअ‍ॅपचे बिझनेस अ‍ॅप आले. चित्र दाखवणे, भाव सांगणे आणि पैसे घेणे या तिन्ही गोष्टी एकाच फोनवर आल्या, तेव्हा कुठे येवल्याचा बाजार गावाबाहेर गेला.

मात्र त्याआधीच पैठणीची एक प्रचंड जाहिरात होऊन गेली होती, आणि तिच्यासाठी कोणा विणकराने एक पैसाही खर्च केलेला नव्हता. २००४ मध्ये सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आदेश बांदेकर घरोघरी जात आणि जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी मिळे. वर्षानुवर्षे रोज संध्याकाळी चाललेल्या या सोहळ्याने पैठणी हा शब्द मराठी मध्यमवर्गाच्या घरात बक्षीस, मान आणि हौस या तिन्ही अर्थांनी रुजवला. पुढे ‘गोष्ट एका पैठणीची’ या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तोही या हौसेचाच एक पडसाद म्हणता येईल. विपणनाच्या परिभाषेत याला मागणी निर्माण होणे म्हणतात. परंतु मागणी वस्तूच्या नावाला निर्माण झाली. त्या नावाखाली नेमके काय विकले जाईल यावर कार्यक्रमाचा काही ताबा नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते. नावाला आलेली मागणी यंत्रमागावरच्या नकलेने मोठ्या प्रमाणावर भागवली, हे येवल्यातील कोणताही विणकर सांगेल.

हातमागावरची पैठणी आणि तिची नक्कल यांतला फरक तांत्रिक आहे, पण तो समजल्याशिवाय पुढचे गणित उलगडत नाही. विणकर खड्डामागावर, म्हणजे जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून, बसतो. बंगळुरूकडचे रेशीम आणि सुरतेची जर वापरतो. आणि पदरावरचे मोर, कमळ, आसावलीची वेल हे सगळे रंगीत धाग्यांच्या छोट्या छोट्या तिल्ल्या हाताने गुंफत, एकेक धागा मोजत भरतो. या पद्धतीत प्रत्येक रंगाचा धागा आपापल्या जागेपुरताच जातो आणि शेजारच्या धाग्यात अडकून परत फिरतो, म्हणून पदर उलटा करून पाहिला तरी नक्षी तशीच्या तशी दिसते. यंत्रावरच्या नकलेत धागे मागून मोकळे धावतात किंवा कापलेले असतात. साधी पैठणी काही आठवड्यांत उतरते, भरजरी पदराची आणि अंगभर बुट्ट्यांची असेल तर अनेक महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ माग अडकून राहतो. एका मागावरून वर्षभरात उतरणाऱ्या साड्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातही रंग, काठ, पदर यांचा मेळ साधारणपणे प्रत्येकीचा वेगळा. येवल्याचा विणकर वर्षाला मोजक्या एकमेव वस्तू घेऊन बाजारात उतरतो, आणि त्याच्यासमोर एकाच नक्षीचे ठाणच्या ठाण काढणारा यंत्रमागवाला उभा असतो.

आता हा बाजार चालतो कसा, ते पाहू. येवल्याजवळच, निफाड तालुक्यात, आशियातील सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून ओळखली जाणारी लासलगावची बाजार समिती आहे. तेथे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या राहतात, व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीमागून ट्रॉली पुढे सरकतो, कांदा हातात घेऊन चाळवला जातो, क्विंटलला बोली लागते आणि काही क्षणांत पुढच्या ट्रॉलीकडे वळले जाते. गूगलवर कोणी पैठणीचे नाव टंकले की अगदी असाच लिलाव होतो, फक्त बाजू उलट्या झालेल्या असतात: ट्रॉलीत कांद्याऐवजी गिऱ्हाईकाचे लक्ष असते, आणि बोली लावणारे सारे विक्रेते असतात. हा लिलाव दर शोधाला नव्याने, माणसाला जाणवणारही नाही इतक्या वेळात होतो आणि त्याच्या निकालावर यादीच्या माथ्यावर ‘प्रायोजित’ म्हणून कोण दिसणार हे ठरते. दाखवण्याचे पैसे न घेता, गिऱ्हाईकाने जाहिरातीवर बोट ठेवले तरच पैसे घेण्याची ही रीत १९९८ मध्ये अमेरिकेत बिल ग्रॉस यांच्या ‘गोटू’ या कंपनीने रूढ केली. गूगलने २००० च्या ऑक्टोबरात जाहिराती विकायला सुरुवात केली आणि २००२ मध्ये लिलावाची पद्धत स्वीकारली.

लासलगावचा लिलाव आणि हा लिलाव यांत दोन भेद आहेत, आणि नवख्याचे पैसे बहुतेक त्या दोन भेदांपाशीच जातात. पहिला असा की येथे सर्वांत मोठी बोली जिंकेलच असे नाही; जाहिरातीचा मजकूर शोधाशी किती जुळतो, ती पाहून किती लोक पुढे जाण्याचा संभव आहे, आणि ज्या पानावर ते पोहोचतात ते पान किती उपयोगी व झटपट उघडणारे आहे, यांचा गुण बोलीत मिसळून क्रम लागतो, आणि जिंकणाऱ्याला आपली पूर्ण बोली न भरता खालच्या स्पर्धकाच्या वर राहण्यापुरतीच रक्कम द्यावी लागते. नीट मजकूर लिहिणाऱ्या लहान दुकानदाराला कमी पैशांत वरची जागा मिळू शकते ती यामुळेच. ही व्यवस्थेतली खरी चांगली बाजू आहे आणि तिचे श्रेय तिला द्यायला हवे. दुसरा भेद अधिक गंभीर आहे. लासलगावला बोली उघड लागते, शेजारच्याने किती पुकारले ते ऐकू येते, आणि बोली न पटल्यास शेतकरी माल परत नेऊ शकतो. इंटरनेटच्या लिलावात शेजाऱ्याची बोली दिसत नाही, लिलाव पुकारणारा आणि हिशेब ठेवणारा एकच असतो, आणि गिऱ्हाईकाने बोट ठेवले की पैसे गेले. खरेदी होवो न होवो.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम या मेटा कंपनीच्या माध्यमांत कोणी काही शोधत नसते, म्हणून तेथे लिलाव शोधशब्दांचा न होता माणसांचा होतो. विक्रेता वय, ठिकाण, आवडी सांगतो, किंवा सगळेच यंत्रणेवर सोपवतो, आणि कोणत्या प्रकारची माणसे खरेदी करतात हे यंत्रणा अनुभवातून शिकत जाते. या शिकण्याच्या अवस्थेतून बाहेर पडायला एका जाहिरात-संचाला आठवड्याभरात सुमारे ५० अपेक्षित कृती, म्हणजे खरेदी किंवा चौकशी असे जे उद्दिष्ट नेमले असेल ते, लागतात असे मेटाच सांगते. आठवड्याला ५० खरेद्या! ज्या घरात दोन माग आहेत, त्या घरातून साऱ्या वर्षातही तेवढ्या पैठण्या निघणार नाहीत. विक्रीऐवजी चौकशीचे उद्दिष्ट ठेवले तर ५० चा आकडा गाठता येतो, परंतु मग यंत्रणा चौकशी करणारी माणसे शोधायला शिकते, आणि नुसता भाव विचारून गप्प होणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वाण नव्हती.

हिशेब समजावा म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. समजा, हातमागावरच्या एका पैठणीची किंमत १८,००० रुपये आहे आणि रेशीम, जर, मजुरी वजा जाता तिच्यात ३,००० रुपये सुटतात. जाहिरातीवर दर टिचकीला ६ रुपये पडले आणि ४०० टिचक्यांमागे वीस जणांनी चौकशी करून एकीने साडी घेतली, तर जाहिरातीचा खर्च २,४०० रुपये आणि त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर धरून २,८३२ रुपये होतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या विणकराला त्या कराची वजावटही मिळत नाही. हातात १६८ रुपये राहतात. आता यंत्रमागाची साडी घ्या: किंमत १,८०० रुपये, सुटणारे ५०० रुपये, आणि भाव कमी असल्यामुळे त्याच ४०० टिचक्यांतून आठ साड्या गेल्या असे धरा. खर्च वजा जाता १,१६८ रुपये उरतात. पण खरा फरक या दोन आकड्यांपेक्षा पुढच्या सकाळी दिसतो, कारण यंत्रमागवाल्याचे छायाचित्र, मजकूर आणि यंत्रणेने शिकलेले सगळे दुसऱ्या दिवशीही तसेच कामाला येते, तर विणकराची ती साडीच विकली गेलेली असल्याने त्याची जाहिरात संपलेली असते. पुढच्या साडीचा रंग वेगळा, पदर वेगळा, म्हणून छायाचित्र नवे, मजकूर नवा आणि शिक्षणही नव्याने. टिचकीच्या लिलावात कालांतराने नक्कल वरचढ ठरते यामागे कोणाचे कारस्थान असावे लागत नाही. ज्याच्या एका चित्रावर पाचशे साड्या जातात तो ज्याच्या एका चित्रावर एकच जाते त्याच्यापेक्षा चढी बोली लावू शकतो, एवढे कारण पुरेसे आहे.

मोठ्या ऑनलाइन बाजारपेठांवर दुकान मांडले तर हा प्रश्न सुटतो, असा एक समज आहे. तेथे गिऱ्हाईक आयते येते हे खरे, आणि नियमही पूर्वीपेक्षा सैल झाले आहेत: मालाची वार्षिक उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असलेल्या विक्रेत्याला १ ऑक्टोबर २०२३ पासून, पोर्टलवर नावनोंद करून, आपल्या राज्यापुरती अशी विक्री जीएसटी नोंदणीशिवाय करता येते, आणि नोंदणीकृत विक्रेत्याच्या रकमेतून बाजारपेठ आधीच कापून भरते तो कर १० जुलै २०२४ पासून एक टक्क्यावरून अर्ध्या टक्क्यावर आला. परंतु दलाली, पाठवणीचा आकार, साठवणीचा आकार आणि बाजारपेठेच्या आतल्या जाहिरातीचा पुन्हा वेगळा लिलाव हे सगळे बेरजेला घेतले, तर बाजार समितीतल्या अडतीची आठवण झाल्यावाचून राहत नाही. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय केला, तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला आणि लिलावही बंद राहिले. ऑनलाइन बाजारपेठेची दलाली विक्रेत्याकडून की गिऱ्हाईकाकडून, याविषयी कोणत्याही चावडीवर चर्चा झालेली नाही. शिवाय माल घरी आल्यावर पैसे देण्याच्या सोयीमुळे मागवलेली वस्तू दारातूनच परत जाण्याचे प्रमाण येथे मोठे असते. विक्रेत्यांच्या बोलीत त्याला ‘आरटीओ’ म्हणतात, आणि परिवहन कार्यालयाशी त्याचा काही संबंध नाही. माल मूळ ठिकाणी परतणे एवढाच त्याचा अर्थ. दहा-पंधरा हजारांची साडी तीन आठवडे प्रवासात अडकून घडी मोडून परत येणे, किंवा परत आलेल्या पेटीत भलतीच साडी निघणे, हे लहान विक्रेत्याचे महिन्याचे गणित कोलमडवायला पुरते.

तेव्हा एकमेव वस्तू विकणाऱ्या नवख्याने आरंभ कोठून करावा? लिलाव जेथे नाही, किंवा नाममात्र आहे, तेथून. अशी पहिली जागा म्हणजे गूगलच्या नकाशावरील दुकानाची नोंद. ती विनामूल्य असते, जागा खरी आहे याची पडताळणी बहुधा चित्रफितीने होते, आणि शिर्डी, पैठण, वेरूळकडे जाणारा प्रवासी वाटेत येवल्याला पैठणी कोठे मिळेल असे पाहतो तेव्हा सर्वप्रथम तीच दिसते. तेथे दुकानाचे नाव पाटीवर आहे तसेच द्यावे, त्यात शोधशब्द कोंबू नयेत, वेळा व साप्ताहिक सुट्टी खरी असावी, आणि नाव-पत्ता-फोन सर्व ठिकाणी अक्षरशः एकच असावा; कारण शोधयंत्रणा वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदी ताडून पाहूनच दुकानावर विश्वास ठेवते. अभिप्राय मागावेत, पण खरेदी केलेल्यांकडूनच. पैसे देऊन अभिप्राय लिहवून घेण्याचे दुकान आता गल्लोगल्ली मांडले गेले असले, तरी ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय देणे निषिद्ध आहे. भाषेचाही विचार हवा: मराठी गिऱ्हाईक पैठणीचा शोध अनेकदा रोमन लिपीत, निरनिराळ्या वर्णविन्यासांनी घेते, तर बंगळुरू किंवा न्यू जर्सीतील मराठी घरातली सून इंग्रजीत घेते, म्हणून वर्णनात देवनागरी आणि रोमन दोन्ही रूपे सहज वाचली जातील अशी असणे इष्ट.

दुसरी जागा व्हॉट्सअ‍ॅपची. बिझनेस अ‍ॅपमधील कॅटलॉग म्हणजे चित्र, नाव, भाव असलेली मालाची मांडणी. लेबल म्हणजे कोणते गिऱ्हाईक चौकशीत आहे, कोणी विसार दिला, कोणाचा माल गेला हे दाखवणारी रंगीत खूण. येवल्याच्या व्यवहारात स्टेटस ही सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत परिणामकारक जाहिरात आहे, कारण ते पाहणारा प्रत्येकजण आधीच ओळखीतला असतो. न मागता घाऊक संदेश पाठवणे मात्र अंगाशी येते. लोकांनी क्रमांक अडवला वा तक्रार केली की तो बंद होण्याची भीती असते, आणि गिऱ्हाईकांचे क्रमांक त्यांच्या संमतीनेच वापरावेत अशी तरतूद २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आणली आहे.

छायाचित्राविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण पैठणीच्या बाबतीत अर्धे विपणन तेथेच होते किंवा बिघडते. ताण्याचा रंग एक आणि बाण्याचा दुसरा असल्यामुळे अनेक पैठण्यांना धूपछाव येते, म्हणजे साडी हलली की जांभळ्यातून तांबूस झळकतो. फोनचा कॅमेरा स्वतःच प्रकाशाचा रंग ठरवतो आणि सोनेरी जर चौकटीत आली की त्याचा अंदाज चुकतो; जांभळे निळे दिसते, मोरपंखी नुसते हिरवे. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली हा दोष वाढतो. म्हणून दाराजवळ, ऊन थेट न पडता उजेड येईल अशा जागी, शेजारी पांढरा कागद ठेवून चित्र घेणे, स्थिर चित्राबरोबर दहा-पंधरा सेकंदांची चित्रफीत देणे, आणि तिच्यात साडी हळूच हलवून दोन्ही रंग दाखवणे हा साधा उपाय आहे. सर्वांत महत्त्वाचे चित्र पदराच्या उलट्या बाजूचे. नक्कल विकणारा ते देत नाही, देऊ शकत नाही. त्यासोबत रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी हँडलूम मार्क या अधिकृत खुणांचा जवळून फोटो असावा; यांतला पहिला २००४ मध्ये आणि दुसरा २००६ मध्ये सुरू झाला, आणि मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असेल तर तोही उल्लेख करावा.

अनोळखी वस्तूचे मोल गिऱ्हाईकाला कसे पटवावे, याचा एक धडा नाशिकच्याच इतिहासात आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि १९१३ मध्ये आपला चित्रव्यवसाय नाशिकला हलवणाऱ्या दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ सुरतेत लागला असताना, तीन आण्यांत किती हजार छायाचित्रे आणि किती मैल लांबीची पट्टी पाहायला मिळते याचा हिशेबच जाहिरातीत मांडला होता. सिनेमा म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या माणसाला नगाची आणि लांबीची भाषा कळत होती. पैठणीच्या वर्णनात ‘सुंदर’, ‘राजेशाही’, ‘पारंपरिक’ ही विशेषणे प्रत्येकजण वापरतो, नक्कल विकणारा तर अधिकच. पण पदराला किती दिवस लागले, किती रंगांच्या तिल्ल्या चालल्या, जर कोणत्या प्रकारची आहे, साडीचे वजन किती, हे तपशील मागावर बसणाऱ्यालाच देता येतात.

जिल्ह्यातील मोठ्या उद्योगांनीही लिलावाबाहेरचा मार्ग आपापल्या परीने शोधलेला दिसतो. राजीव सामंत यांच्या सुला व्हिनयार्ड्सची पहिली वाईन २००० मध्ये बाजारात आली. मद्याच्या थेट जाहिरातींना दूरचित्रवाणीवर बंदी असल्यामुळे पैसे असूनही कंपनीला ती वाट मोकळी नव्हती. २००५ मध्ये गंगापूर धरणाच्या परिसरात उघडलेले चव घेण्याचे दालन आणि २००८ पासूनचा सुलाफेस्ट यांनी गिऱ्हाईकालाच नाशिकला आणले, आणि पुढे इन्स्टाग्राम आल्यावर द्राक्षमळ्यासमोर काढलेली पाहुण्यांची छायाचित्रे हीच जाहिरात झाली. दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने, विलास शिंदे यांच्या नेतृत्वाखाली, २०२० च्या टाळेबंदीत फळे-भाज्यांच्या टोपल्या शहरांतील सोसायट्यांत थेट पोहोचवल्या. तो काळ अपवादात्मक होता आणि त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, तरी निर्यातीसाठी आधीच उभी असलेली प्रतवारी, शीतगृहे आणि वाहतूक हाताशी नसती तर कोणत्याही अ‍ॅपने ते साधले नसते, हे नोंदवायला हवे.

स्वतःचा माल नसलेल्या, परंतु या क्षेत्रात नोकरी-व्यवसाय शोधणाऱ्या तरुणांचा वर्गही आता मोठा आहे. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या भिंतींवर डिजिटल मार्केटिंगच्या वर्गांच्या जाहिराती असतात. त्यांतले काही वर्ग कष्टाने शिकवतात, काही केवळ प्रमाणपत्र देतात. साधनांची तोंडओळख गूगलच्या स्किलशॉपसारख्या विनामूल्य अभ्यासक्रमांतून होऊ शकते. जे तेथे मिळत नाही ते म्हणजे दुसऱ्याच्या खऱ्या पैशांचा हिशेब. मामाचे किराणा दुकान असो की शेजारचे दवाखान्याजवळचे औषधालय, त्याची नकाशावरची नोंद, कॅटलॉग आणि अल्प खर्चाच्या जाहिराती वर्षभर सांभाळून किती चौकशा आल्या, किती विक्री झाली आणि एका नव्या गिऱ्हाईकामागे किती पैसे पडले याची वही ठेवणाऱ्या मुलाला कोणत्याही प्रमाणपत्रापेक्षा जास्त समजलेले असते. अ‍ॅफिलिएट विपणन, म्हणजे दुसऱ्याच्या मालाचा दुवा देऊन विक्रीवर दलाली मिळवणे, हा अमेझॉनने १९९६ पासून रूढ केलेला वैध व्यवसाय आहे, पण वाचक किंवा प्रेक्षक आधी जमवलेला असेल त्यालाच तो फळतो, आणि पैसे घेऊन केलेली शिफारस तशी आहे हे उघड सांगण्याचे बंधन जाहिरात मानक परिषदेने २०२१ पासून घातले आहे. अ‍ॅफिलिएट विपणनाच्या नावाखाली चालणारे साखळी उद्योग, ज्यांत मिळकत मालावर नसून नवे सभासद आणण्यावर असते, २०२१ च्या थेट विक्री नियमांनी निषिद्ध ठरवले आहेत. आणि चित्रफितींना पसंती द्या, अभिप्राय लिहा, पैसे मिळवा असे सांगून आधी थोडे देणारे व मग अनामत उकळणारे गट हा तर निव्वळ गुन्हा आहे. अशा फसवणुकीत १९३० या सायबर मदत-क्रमांकावर जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा अधिक.

पैठणीकडे परत येता, सशुल्क जाहिरात विणकराने कधीच करू नये असे नाही. एकेका साडीची न करता घराच्या नावाची, मागाची, येवल्याला येऊन पाहण्याच्या आमंत्रणाची केली, तर तेच चित्र वर्षभर चालते आणि साडी विकली गेल्याने जाहिरात मरत नाही. त्याहून पुढची पायरी मागणीनुसार विणण्याची आहे. गिऱ्हाईक काठ, पदर, रंग निवडते, विसार देते, आणि महिन्या-दोन महिन्यांच्या विणकामात आठवड्याला एकदा मागावरच्या साडीचे चित्र त्याला जाते. ते चित्र गिऱ्हाईक आपण होऊन बहिणीला, जावेला, कार्यालयातल्या मैत्रिणींना पाठवते, आणि त्यासाठी कोणाला बोली लावावी लागत नाही. मुदतीविषयी आरंभीच खरे बोलावे लागते, लग्नाची तारीख विचारून घ्यावी लागते, आणि विसाराची पावती व रद्द करण्याच्या अटी लिहून द्याव्या लागतात.

येथे मात्र विपणनाची हद्द संपून भांडवलाची सुरू होते. येवल्यातील अनेक विणकर स्वतःच्या मालाचे धनी नाहीत. व्यापारी रेशीम-जर देतो, विणकर मजुरीवर विणून देतो, आणि साडी उतरताक्षणी ती व्यापाऱ्याची होते. त्याच्या हातात फोन आहे, त्याला चित्र काढता येते, मजकूरही लिहिता येतो, पण विकायला साडीच नाही. गेल्या दहा वर्षांत इंटरनेटने येवल्याचा बाजार रुंद केला तो मुख्यतः भांडवल असलेल्या दुकानदारांसाठी, आणि त्यांतल्या काहींनी हातमागाच्या शेजारी यंत्रमागाची साडीही मांडली. विसार घेऊन विणण्याची पद्धत विणकराला महत्त्वाची वाटते ती याच कारणाने: त्यात रेशमाचे पहिले पैसे गिऱ्हाईकाकडून येतात. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला येणाऱ्या लाखो भाविकांपैकी थोडे जरी येवल्याकडे वळले, तरी चौकशांचा पूर येईल, आणि त्या वेळी तयार माल ज्याच्याकडे असेल त्याची विक्री होईल. मागाचा धनी असलेल्या विणकराकडे तेव्हा दाखवायला फार तर दोन-तीन साड्या असतील. पण मागणीची वही उघडी असेल, विसाराचा दर ठरलेला असेल आणि नकाशावर घर सापडत असेल, तर पुढच्या वर्षभराच्या मागाची सोय त्या हंगामात होऊ शकते.